एलईडी लुकलुकला, आता पुढे?

मायक्रोकंट्रोलरचा नाद लागू पाहणारा माणूस पहिला प्रश्न विचारतो तो म्हणजे, बोर्ड कोणता घेऊ? प्रश्न चुकीचा नाही, पण घाईचा आहे. अमरावती-अकोल्यात बसून विचारायचंच तर आधी हे विचारावं की, आपल्याला कशाची खबर वेळेवर लागत नाही. अकोला शहराला काटेपूर्णा धरणाचं पाणी मिळतं ते काही दिवसांआड, आणि नळाची वाट पाहत घरातलं एक माणूस अडकून पडतं. वरुड-मोर्शीकडच्या संत्रा बागायतदाराला अंबिया बहारासाठी झाडं ताणावर सोडली की मुळाशी किती ओल उरली हे माती उकरून पाहावं लागतं. शेतातली लाइन रात्री आली, मोटर सुरूही झाली, पण ती पाणी फेकते आहे की कोरडी फिरते आहे हे बघायला विहिरीवर जावं लागतं. ही तिन्ही कामं तळहातावर मावणाऱ्या, चार-पाचशे रुपयांच्या एका पाटीला जमण्यासारखी आहेत. निदान कागदावर. कागद आणि बांध यांच्यातलं अंतर वऱ्हाडात जरा जास्तच आहे, आणि नव्या माणसाला पुस्तकांत किंवा व्हिडिओंत नेमकं तेच कोणी सांगत नाही.

हा नाद आपल्याकडे उशिरा का आला, हे समजून घेण्यासारखं आहे. बडनेरा आणि शेगावची अभियांत्रिकी महाविद्यालयं १९८३ची, अमरावती विद्यापीठही त्याच वर्षीचं. अमरावतीचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय तर १९६४चं. म्हणजे शिकलेली माणसं कमी नव्हती. पण त्या पिढ्यांना मायक्रोकंट्रोलर भेटला तो ८०५१च्या रूपात. इंटेलने १९८० साली आणलेली ही चिप, आत १२८ बाइट रॅम आणि ४ केबी रॉम. चिप उत्तम होती, आजही अभ्यासक्रमांतून ती पुरती गेलेली नाही. अडचण वेगळीच होती. लिहिलेला प्रोग्रॅम चिपमध्ये उतरवायला वेगळं उपकरण लागे, ते महाग असे, प्रयोगशाळेच्या कपाटात असे आणि कपाटाला कुलूप असे. चूक दुरुस्त करायची तर चिप उपसा, प्रोग्रॅमरमध्ये बसवा, पुन्हा सर्किटात लावा. परीक्षेपुरतं ते चाले, पण नाद लागायला चूक स्वस्त असावी लागते.

ती स्वस्त केली आर्डुइनोने. इटलीतल्या इव्रिया गावातल्या डिझाइन शिकवणाऱ्या संस्थेत २००५ साली हा बोर्ड तयार झाला. मास्सिमो बान्झी आणि त्यांचे सहकारी तो अभियंत्यांसाठी नव्हे, तर डिझाइनच्या विद्यार्थ्यांसाठी करत होते. त्याआधी त्याच संस्थेत एर्नान्दो बार्रागान या कोलंबियन विद्यार्थ्याने ‘वायरिंग’ नावाची व्यवस्था उभी केली होती, तिचा आर्डुइनोमागे मोठा हात आहे. संगणकाला यूएसबी केबल जोडायची, बटण दाबायचं, प्रोग्रॅम बोर्डात. बोर्डाचे आराखडे खुले ठेवले गेले, म्हणून चीनमध्ये त्याच्या नकला निघाल्या, आणि म्हणूनच तो अकोटच्या पोराच्या हातात पडू शकला. आर्डुइनोच्या अस्सल ऊनो बोर्डाच्या किमतीत नकलेचे तीन-चार बोर्ड येतात.

आता बोर्डांचं. ऊनोत एटमेगा ३२८ ही ८ बिटांची चिप असते: १६ मेगाहर्ट्‌झ, ३२ केबी फ्लॅश, अवघी २ केबी रॅम. चीनच्या एस्प्रेसिफ कंपनीने २०१४ मध्ये ईएसपी ८२६६ आणि २०१६ मध्ये ईएसपी ३२ आणला. दोन्हींत वायफाय आहे, ईएसपी ३२मध्ये ब्लूटूथही, आणि वेग ऊनोच्या पंधरापट. रास्पबेरी पाय पिको जानेवारी २०२१ मध्ये ४ डॉलरला आला, त्यावर पायथॉनचा छोटा अवतार, मायक्रोपायथॉन, छान चालतो. शाळकरी मुलांसाठी मायक्रोबिट आहे. सी-डॅकच्या ‘वेगा’ प्रोसेसरवरचा ‘एरीज’ हा भारतीय बोर्डही मिळतो, पण अडल्यावर विचारायला माणसं अजून कमी आहेत. माझं मत विचाराल तर पहिला महिनाभर ऊनोची नक्कल, मग थेट ईएसपी ३२. ऊनो ५ व्होल्टवर चालतो आणि नवख्याच्या चुका बऱ्यापैकी पोटात घालतो. ईएसपीच्या पायांना ३.३ व्होल्टच चालतात, तिथे ५ व्होल्टची तार लावली तर चिप कायमची जाऊ शकते.

पहिल्या संध्याकाळच्या दोन अडचणी इतक्या नेहमीच्या आहेत की त्या आधीच सांगून ठेवाव्यात. नकलेच्या बोर्डावर बहुधा सीएच ३४० ही चिप असते, तिचा ड्रायव्हर संगणकात टाकावा लागू शकतो. आणि घरात पडलेली यूएसबी केबल पुष्कळदा फक्त चार्जिंगची असते, तिच्यात डेटाच्या तारा नसतातच. बोर्ड उजळतो, संगणकाला मात्र दिसत नाही, आणि माणूस बोर्ड खराब निघाला म्हणून परत पाठवतो.

सामानासाठी मुंबईचा लॅमिंग्टन रोड किंवा पुण्याची तपकीर गल्ली आता गाठावी लागत नाही. पुण्याच्या रोबूसारख्या दुकानांतून पार्सल तालुक्याच्या गावीही येतं. तरी सगळं ऑनलाइनच मागवावं असं नाही. मल्टिमीटर, सोल्डरिंग आयर्न, सोल्डरची तार, पेस्ट, पक्कड, जुने अडॅप्टर हे मोबाइल आणि टीव्ही दुरुस्तीवाल्यांच्या ओळीत मिळतं, आणि तिथे तासभर उभं राहिलं तर सोल्डर कसं मारायचं हेही फुकट शिकायला मिळतं. तो माणूस ज्या सफाईने जोड लावतो ती व्हिडिओत दिसत नाही. खरेदीचा क्रम लावायचा तर मी मल्टिमीटर बोर्डाच्याही आधी ठेवीन. सर्किट का चालत नाही याचं उत्तर निम्म्याहून अधिक वेळा ‘तार सैल आहे’ किंवा ‘व्होल्टेज पोचतच नाही’ हेच असतं, आणि ते मीटरशिवाय कळत नाही. नेहमीच्या सोल्डरमध्ये शिसं असतं. खिडकी उघडी ठेवावी आणि हात धुतल्याशिवाय पोह्यांची बशी उचलू नये.

शिकण्याची साधनं भरपूर आहेत. वोकवी आणि टिंकरकॅडवर एक रुपयाही न खर्चता ब्राउझरमध्येच आख्खं सर्किट जोडून चालवून बघता येतं. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ उपक्रमात आर्डुइनोवर मालिका आहे, आणि त्या उपक्रमाचे बरेच विषय मराठीतूनही ऐकायला मिळतात. तरी मराठी माध्यमातल्या मुलाची गाडी एका ठिकाणी अडते, ती म्हणजे चुकांचे इंग्रजी संदेश. त्यावर उपाय एवढाच की पहिले वीस-पंचवीस संदेश वहीत अर्थासकट उतरवून ठेवायचे, कारण फिरून फिरून तेच येतात. मराठीचा दुसरा घोळ अधिक गमतीचा आहे. दोन ओळींच्या स्वस्त एलसीडीवर देवनागरी नाही. तिच्यात आपण स्वतः घडवलेली फक्त आठ अक्षरं मावतात, तीही ५ गुणिले ८ ठिपक्यांची. ‘नळ आला’ एवढं कसंबसं बसतं, ‘सोयाबीन’ लिहायला गेलं की जागा भरत येते. छोट्या ओएलईडी पडद्यावर अक्षरांचं चित्रच काढता येतं, म्हणून तो घेणं बरं. आणि हल्ली एआयकडून प्रोग्रॅम लिहून घेणाऱ्यांविषयी: घ्यावा, काही हरकत नाही, पण त्याला तुमची सुटलेली तार दिसत नाही.

एलईडी लुकलुकला की बहुतेक जण थेट ‘स्मार्ट शेती’वर उडी मारतात आणि महिन्याभरात सामान खोक्यात जातं. त्याऐवजी पहिलं खरं काम नळाची खबर देणारा भोंगा असावा. घरातच आहे, सावलीत आहे, वीज आहे, वायफाय आहे, आणि फसला तरी नुकसान एका बादलीचं. बाजारात वायएफ-एस २०१ नावाचा प्रवाहमापक मिळतो. आत पंखा, पंख्याला चुंबक, आणि पाणी वाहिलं की एका लिटरला साधारण साडेचारशे स्पंदनं. आर्डुइनोने ती मोजायची आणि भोंगा वाजवायचा. इतकं सोपं. पण काही दिवसांआड येणाऱ्या नळात पाण्याआधी हवा येते, जोरात येते, आणि तिनेही पंखा फिरतो. भोंगा वाजतो, घरचे धावतात, तोटीतून नुसती फुसफुस. इथे खरं शिक्षण सुरू होतं. पंखा सलग मिनिटभर फिरला तरच वाजव, असा नियम घालता येतो. पाइपात दोन तारा सोडून पाण्याचा स्पर्श वेगळा तपासता येतो. दोन्ही खुणा एकदम मिळाल्या तरच खबर खरी मानता येते. एका मापकावर विश्वास ठेवायचा नाही, हा या नादातला सगळ्यात मोठा धडा, आणि तो शिकवायला नळाइतका चांगला मास्तर नाही.

उन्हाळ्यात कूलरच्या टाकीतलं पाणी संपल्याची खबर देणारं यंत्रही असंच घरगुती आहे. फक्त त्याचा प्रत्येक भाग बॅटरीवर किंवा मोबाइलच्या चार्जरवर चालणारा हवा. लोखंडी कूलर, ओली फरशी आणि घरची वीज यांनी विदर्भात दर उन्हाळ्यात माणसं जातात. तिथे २३० व्होल्टला हात लावायचा नाही.

शेतात गेलं की मात्र सगळेच नियम बदलतात, आणि आधी बदलते ती माती. ओल मोजायचा सर्वांत स्वस्त मापक म्हणजे दोन दातांचा काटा. त्या दातांतून वीज जाते, ओल्या मातीत विद्युत अपघटन होतं, आणि वरचा तांब्याचा थर बघता बघता झडतो. आकडे हळूहळू ‘कोरडं, कोरडं’ म्हणू लागतात आणि शेतकरी उगाच पाणी सोडतो. मापकाला सतत वीज न देता मोजण्यापुरती, सेकंदभरच दिली तर तो जास्त टिकतो. त्याहून बरा कॅपॅसिटिव्ह मापक. त्यात धातू मातीला लागत नाही, पण पाटीच्या कापलेल्या कडांतून पाणी झिरपतं, म्हणून कडांना वॉर्निश किंवा नेलपॉलिशचे दोन हात द्यावेत.

एवढं करूनही काळी माती आपला हिसका दाखवतेच. आपल्या रेगूर जमिनीतली चिकणमाती ओली झाली की फुगते आणि वाळली की आकसते, भेगा पडतात. मापक भेगेच्या काठावर आला की त्याच्याभोवती हवा राहते. बोटभर अंतरावरचं ढेकूळ आत ओलं असतं, मापक मात्र वाळवंट सांगतो. व्हिडिओंमधली कुंडी आणि तिच्यातली भुसभुशीत माती इथे कामाची नाही. मापक आडवा, मुळांच्या खोलीवर, आजूबाजूची माती ओली करून दाबून बसवावा, आणि झाडाच्या दोन बाजूंना दोन लावावेत. शिवाय कंपनीने दिलेला कोणताही टक्का आपल्या मातीला लागू नाही. आपल्याच शेताची माती घ्यायची, वजन करायचं, १०५ अंशांवर पूर्ण वाळवायची, पुन्हा वजन करायचं, आणि मधल्या चार-पाच ओलाव्यांना मापकाचा आकडा काय येतो ते लिहून ठेवायचं. कंटाळवाणं काम आहे. मापकाचा आकडा आणि खरी ओल यांचं नातं त्याशिवाय लागत नाही.

पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे दर्यापूर, भातकुली, मूर्तिजापूर, बाळापूर या बाजूला, आणखी एक पेच आहे. क्षारांनी वीज जास्त वाहते, त्यामुळे दोन दातांचा काटा खारट माती असते त्याहून ओली दाखवतो. तिथल्या विहिरीच्या पाण्याचे क्षार मोजण्याची हौस अनेकांना असते, आणि असावीही. पण हौशी लोकांत चालणारे बरेच टीडीएस मापक एका लिटरला १,००० मिलिग्रॅमपर्यंतच मोजतात. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाची इष्ट मर्यादा ५०० आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर २,०००. म्हणजे नेमका वादाचा भाग मापकाच्या पलीकडे राहतो. पाणी मोजून पातळ करावं, मोजावं, आणि आकडा तितक्या पटीने वाढवून घ्यावा. शाळेतल्या रसायनशास्त्राच्या तासाला याहून चांगला प्रयोग मला सुचत नाही.

मग ऊन. अकोल्याचा मे महिना ४५ अंशांच्या पुढे जातो, हे काही बातमीतून कळायला नको. प्रत्येक किटमध्ये येणारा निळा डीएचटी-११ मापक ५० अंशांपर्यंतच मोजतो, तोही दोन अंश इकडे-तिकडे, आणि २० टक्क्यांखालची आर्द्रता त्याच्या आवाक्याबाहेर आहे. आपल्याकडच्या मे महिन्यातली दुपार नेमकी त्या खालची. त्यापेक्षा डीएचटी-२२ किंवा नुसत्या तापमानासाठी डीएस १८बी२० घ्यावा, आणि मापक पांढऱ्या, हवा खेळणाऱ्या आडोशात ठेवावा. प्लास्टिकच्या पांढऱ्या बशा उपड्या एकावर एक, मधे फट ठेवून रचल्या तरी काम भागतं. चिपला उन्हाची फारशी फिकीर नसते, ती ८५ अंश सोसते. मरते ती बॅटरी. लिथियमचे साधे सेल ४५ अंशांच्या वर चार्ज करू नयेत असा दंडक आहे, आणि सौर पॅनलला चिकटवलेल्या बंद डब्यात मे महिन्यात आतलं तापमान साठी गाठतं. म्हणजे ऊन भरपूर असतं तेव्हाच चार्जिंग घातक असतं. बॅटरी पॅनलच्या सावलीत, जमिनीलगत, वेगळ्या डब्यात असावी. डब्याच्या तारा खालून आत घ्याव्यात आणि भोक बुजवावं, नाहीतर जूनमध्ये पाणी आणि त्याआधी मुंग्या शिरतात.

मोटरपंपाकडे प्रत्येकाचं लक्ष जातं, आणि तिथे महाराष्ट्राकडे स्वतःची गोष्ट आहे. पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांनी मोबाइलवरून शेतपंप सुरू-बंद करणारा ‘नॅनो गणेश’ तयार केला. नोकियाच्या २००९च्या जागतिक स्पर्धेत त्याला पुरस्कार मिळाला. रात्री-अपरात्री येणारी लाइन, अंधारातला बांध, साप-विंचू यांतून आलेलं ते उत्तर होतं. आज तशी ‘मोबाइल स्टार्टर’ यंत्रं सर्रास विकत मिळतात, म्हणून नवख्याने ते पुन्हा घडवण्याच्या भरीस पडू नये. कारण साधं आहे. निळ्या रिलेवर २५० व्होल्ट, १० अँपिअर असं छापलेलं असतं. थ्री फेज स्टार्टरची कॉइल बहुधा ४१५ व्होल्टची असते. म्हणजे मोटर तर सोडाच, तिची कॉइलसुद्धा या रिलेच्या कुवतीबाहेर आहे. लाइन येताच मोटर आपोआप सुरू करणारा ऑटोस्विचही हौसेने करू नये. सगळ्या मोटरी एकदम उठल्या की रोहित्रावर ताण येतो, आणि महावितरण ऑटोस्विच काढून कपॅसिटर बसवा म्हणून विनवत असतं.

हौशी माणसाने पंपावर फक्त कान ठेवावा. तारेभोवती चिमट्यासारखा बसणारा करंट मापक तार न कापता काम करतो. तो एकाच फेजच्या तारेवर लावायचा. आख्ख्या केबलवर लावला तर तिन्ही फेजचे प्रवाह एकमेकांना छेदतात आणि आकडा शून्य येतो. मोटर सुरू झाली, किती अँपिअर घेते आहे, पाणी तुटल्यावर प्रवाह उतरला का, एवढं कळलं तरी रात्रीच्या अनेक फेऱ्या वाचतात. लावताना मात्र मेन बंद आणि जाणता वायरमन सोबत. खबर घरापर्यंत आणायला नवखे सिम ८००एल घेतात. ते फक्त २जी आहे, त्यात जिओचं सिम चालत नाही, कारण जिओकडे २जी कधी नव्हतंच. शिवाय ते क्षणभर २ अँपिअर ओढतं, तेवढं आर्डुइनोच्या पायांतून मिळत नाही, आणि बोर्ड पुन्हा पुन्हा स्वतःच रीसेट होतो. ‘काहून बंद पडून राह्यलं बापा हे?’ या प्रश्नाचं उत्तर प्रोग्रॅममध्ये नसतं, पॉवर सप्लायमध्ये असतं. घर आणि शेत दोन-तीन किलोमीटरच्या आत, नजरेच्या रेषेत असेल तर लोरा रेडिओ सिमपेक्षा बरा. भारतात त्यासाठी ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्‌झचा पट्टा परवान्याशिवाय वापरता येतो, मॉड्यूल आणि अँटेना त्याच पट्ट्याचे मागवावेत.

रोही आणि रानडुकरांसाठी झटका मशीन घरी बनवू, असं म्हणणारा एक तरी जण भेटतोच. त्याला एका शब्दात नाही म्हणावं. कुंपणात घरची वीज सोडणं गुन्हा आहे आणि त्यात शेजारचा माणूस मरतो. हालचाल टिपून दिवे लावणारं, आवाज करणारं यंत्र जरूर करावं, जनावरं काही दिवसांत त्याला सरावतात हेही लिहून ठेवावं.

संस्थांचं काय? नीती आयोगाच्या अटल टिंकरिंग लॅब २०१६ पासून शाळांत आल्या, सहावी ते बारावीसाठी, प्रत्येक शाळेला २० लाखांपर्यंत अनुदान. जिथे शिक्षकाला स्वतःला नाद आहे तिथे त्या जिवंत असतात, बाकी ठिकाणी प्रदर्शनाच्या आदल्या आठवड्यात कुलूप उघडतं. अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाचा तयार प्रोजेक्ट विकत घेण्याची चाल तर उघड गुपित आहे. डब्यावर ‘स्मार्ट सिंचन’ लिहिलेलं, आत कुंडीतली माती, आणि शेत एकदाही पाहिलेलं नाही. उलट वाट दाखवणारी जागा पुणे जिल्ह्यात पाबळला आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली तिथे विज्ञान आश्रम सुरू केला, गावातल्या मुलांना हाताने काम करत शिकवलं, आणि अमेरिकेतल्या एमआयटीच्या बाहेर निघालेल्या अगदी पहिल्या फॅब लॅबपैकी, म्हणजे वस्तू घडवण्याच्या छोट्या कार्यशाळांपैकी, एक २००२ मध्ये पाबळलाच उभी राहिली. शहरात नव्हे, खेड्यात.

अमरावती-अकोल्यात बोर्ड आहेत, इंटरनेट आहे, पोरं आहेत. नाही ते खरं माप, ज्याच्याशी आपला आकडा ताडून बघता येईल. राज्य सरकारच्या महावेध प्रकल्पात महसूल मंडळानुसार स्वयंचलित हवामान केंद्रं बसली, पण मंडळात पडलेला पाऊस आपल्या शेतात पडतोच असं नाही. घरच्या पर्जन्यमापकाची नोंद पीकविम्याला चालत नाही, तरी गावातल्या पाच जणांनी हंगामभर तशी ठेवली तर तिला वजन येईल, आणि त्यासाठी मापकं आधी तपासलेली हवीत. सोयाबीनचंही तसंच. हमीभावाला १२ टक्के ओलाव्याचा निकष, बाजारात मीटर व्यापाऱ्याचं. घरी वजनकाटा आणि वाळवणं यांनी शेतकऱ्याला स्वतःचा आकडा काढता येतो, फक्त तो कोणीतरी एकदा प्रयोगशाळेशी जुळवून द्यायला हवा. १९६९ पासूनचं पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ अकोल्यातच आहे. मातीची ओल काढायची भट्टी आणि नीट ठेवलेले तापमापक ही कृषी विद्यापीठाची रोजची हत्यारं. महिन्यातला एक शनिवार त्यांनी हौशी लोकांना दार उघडं ठेवलं, ‘तुमचं यंत्र आणा, आमच्याशी ताडून पाहा’ म्हटलं, तर खर्च चहाचा. मे महिन्यात डीएचटी-११ घेऊन येणाऱ्याला आपलं यंत्र किती खोटं बोलतं ते पहिल्याच दुपारी कळेल.